मढं आमचं, डायरी त्यांची

दोस्तहो, आता काळोखाचीही फॅशन निघालीय.

यवतमाळात एका शिकल्यासवरल्या गृहस्थाकडं वर्गणी मागायला गेलो होतो. कपाटात स्वीडन-नॉर्वेच्या पोलीस कादंबऱ्या ओळीनं लावलेल्या. सगळ्या इंग्रजीतनं. बर्फ, अंधार, एक उदास इन्स्पेक्टर आणि एक मढं. गृहस्थ म्हणाले, "काय काळोख आहे हो यात! आपल्या मराठीत असलं काही नाही." मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरात लाइट आहे म्हणून तुम्हाला दिसत नाही." त्यांना तो विनोद वाटला. हसले. वर्गणी दिली नाही, पुस्तक दिलं. वाचून परत आणा म्हणाले.

वाचलं. दोन रात्री झोप आली नाही. म्हणून हे लिहितोय.

पुस्तकाचं नाव 'द अबॉमिनेबल मॅन'. लिहिणारे दोघं. माय शोवाल ही बाई आणि पेर वालो हा तिचा जोडीदार. दोघंही मार्क्सवादी. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी मार्टिन बेक या पोलिसावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. हे पुस्तक त्यातलं, १९७१ सालचं. जगाला वाटत होतं स्वीडन म्हणजे स्वर्ग, कुणी उपाशी नाही, कुणी अनाथ नाही. या दोघांनी त्या स्वर्गाचा पंचनामा केला.

गोष्ट ऐका. स्टॉकहोमच्या एका इस्पितळात आजारी पडलेला पोलीस अधिकारी संगिनीनं भोसकला जातो. त्याचं नाव नीमान. आपल्याकडं असती तर पुढं काय असतं? मेलेल्याची प्रामाणिक सेवा, रडणारी बायको आणि सूड घेणारा देखणा फौजदार. इथं मार्टिन बेक काय उघडतो? मेलेल्याच्या विरोधातल्या तक्रारींची फाईल. नीमाननं जन्मभर माणसं बडवली. लोकांनी वर लिहून कळवलं. प्रत्येक अर्जाचा निकाल एकच. तथ्य नाही. का नाही? तर सोबतच्या पोलिसांनी साक्ष दिली की साहेबांनी हात लावला नाही.

हे शब्द ओळखीचे वाटतात का? तथ्य आढळून आले नाही. आपल्या किती अर्जांवर हाच शेरा आहे, घरी जाऊन पत्र्याची पेटी उघडून बघा.

मारणारा निघतो एरिक्सन. एके काळचा पोलीसच. त्याची बायको मधुमेही होती. ती बाहेर असताना तोल जाऊन पडली. पोलीस म्हणाले, दारुडी आहे. उचलली, कोठडीत टाकली. वेळेवर दवा मिळाली नाही, ती मेली. दोषी कुणी नाही. एरिक्सननं अर्ज केले, दारं वाजवली, नोकरी गेली, मन फाटलं. शेवटी तो बंदूक घेऊन छपरावर चढतो आणि दिसेल त्या पोलिसावर गोळ्या झाडतो.

इथं मी पुस्तक मिटलं. कारण ते मढं माझ्या गावचं होतं.

मी तेव्हा बारा वर्षांचा असेन. आमच्या वस्तीतला एक सालदार पाटलाच्या विहिरीत सापडला. आदल्या रात्री मजुरीवरून त्याचं मालकाशी वाजलं होतं. सगळ्या गावानं ऐकलं होतं. जमादार आला, बाजेवर बसला, चहा प्याला. पंच कोण? मालकाचीच माणसं. लिहिलं काय? पाय घसरून पडला. माझा आजा पुढं झाला. "साहेब, त्याच्या डोक्याले मांगून मार हाये." जमादार म्हणाला, "काऊन बे म्हाताऱ्या, तू डॉक्टर हायेस का?" आजा मागं सरला. तो मागं सरलेला मला अजून दिसतो.

मर्ग दाखल झाला. आमच्या विदर्भात पोलीस अकस्मात मृत्यूच्या नोंदीला मर्ग म्हणतात. दोन अक्षरं. त्या दोन अक्षरांत आमचा एक अख्खा माणूस पुरता येतो. रहस्यकथा मढ्यापासून सुरू होते. आमची गोष्ट मढ्यापाशी संपते. फरक हा एवढाच आहे आणि हाच सगळा आहे.

आता कुणी म्हणेल, मराठीतही रहस्यकथा आहे की. आहे. मी खोटं कशाला बोलू, बाबूराव अर्नाळकर वाचतच मी वाचायला शिकलो. त्या माणसानं हजारावर पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड. कामगारानं वाचली, कंडक्टरनं वाचली, आमच्या बापानं बिडीच्या उजेडात वाचली. साहित्यातल्या सोवळ्यांनी त्याला ओसरीवरच ठेवलं, ती त्यांची शिवाशिव. माझं भांडण वेगळं आहे. मी वाचली त्यांत मढं नेहमी बंगल्यात सापडलं. तिजोरी फुटली ती शेटजीची. आमचा माणूस त्यात आला तो गडी म्हणून, नाही तर संशयित म्हणून. विहिरीतल्या सालदारासाठी झुंजार कधी मोटार काढून आला नाही. फी कोण देणार?

आणि संशयित म्हणजे कोण, हे आमच्या जिल्ह्यातल्या फासेपारध्याच्या पोराला विचारा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमाती जन्मानंच चोर ठरवल्या. १९५२ साली कायदा गेला. जमादाराच्या डोक्यातनं गेला का? कुठं घरफोडी झाली की गाडी आधी बेड्यावर. रहस्यकथेत गुन्हेगार शेवटच्या पानावर सापडतो. पारध्याच्या पोराला पहिल्याच पानावर पकडतात आणि मग त्याला बसेल असा गुन्हा शोधतात.

कादंबरीतली कोठडी स्टॉकहोमची. आपल्या कोठड्या बघा. विदर्भातलं देसाईगंज, १९७२. पोलीस ठाण्यात एका आदिवासी पोरीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. मथुरा खटला म्हणून देश ओळखतो. हायकोर्टानं शिक्षा दिली, १९७८ साली सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं. का? तर पोरीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत! देशभर बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठं १९८३ साली कायदा बदलला. आणि परभणी, डिसेंबर २०२४. संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक पेटले, पोलिसांनी पोरं उचलली. त्यातला सोमनाथ सूर्यवंशी, कायदा शिकणारा, कोठडीत मेला. आधी काय सांगितलं? छातीत दुखलं. शवविच्छेदनात काय निघालं? अंगभर मार. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हे सांगायला २०२५ साली हायकोर्ट लागलं. ते आपोआप झालं नाही. त्याच्या आईनं सरकारी मदत नाकारली आणि ती कोर्टात उभी राहिली. मार्टिन बेकनं जी फाईल पगार घेऊन उघडली, ती तिनं मुलाचं मढं पोटाशी धरून उघडली.

या दोन स्वीडिश लेखकांनी आणखी एक गोष्ट शिकवली. खुनी नेहमी हातात सुरा घेऊन फिरत नाही. २०१७ चा खरीप आठवा. आमच्याच जिल्ह्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणारे मजूर विषानं पडले. शेकडो दवाखान्यात, वीसच्या वर मेले. कित्येकांच्या नावावर एक गुंठाही जमीन नव्हती. पीक मालकाचं, औषध कंपनीचं, मरण मजुराचं. आणि चौकशीत पहिलं बोट कुणावर? मजुरावरच. हातमोजे घातले नाहीत, तोंडाला बांधलं नाही! विष विकणारा, त्याला परवाना देणारा, विनामोज्यांचा मजूर शेतात उतरवणारा, हे सगळे साक्षीदारही नाहीत. ही पोलीस कादंबरी कुणी लिहिली? कपाटात लावायला ती आहे कुठं?

पण दोस्तहो, या पुस्तकापुढंही मी हात जोडणार नाही. त्यात दुःख सगळं फौजदाराचं. कोठडीत मेलेली बाई एक शब्द बोलत नाही. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो वेडा होऊन छपरावर चढतो. छपरावरचा माणूस एकटा असतो. त्याला वस्ती नाही, संघटना नाही, दोस्त नाही. त्याची गोळी तक्रारीच्या फाईलला लागत नाही, रस्त्यावरच्या शिपायाला लागते. फाईल तशीच राहते. लेखकांना हे कळत होतं असं मला वाटतं. पण गृहस्थांना तेवढं वाचायचं नसतं. त्यांना उदास इन्स्पेक्टर आवडतो, कारण तो उदास झाला की वाचणाऱ्याचं काम संपतं.

आपल्याला उदास होणं परवडत नाही. माझ्या आज्याला लिहिता येत नव्हतं म्हणून जमादाराचं लिहिलेलं खरं ठरलं. आपल्याला येतं. मग शिका ही भाषा. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा पण गुन्हेगार सापडला नाही. 'ब' समरी म्हणजे फिर्यादच खोटी. 'क' समरी म्हणजे खरीही नाही, खोटीही नाही, चुकून झाली. फिर्यादीला एफआयआरची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. अ‍ॅट्रॉसिटीचा तपास जमादार करू शकत नाही, उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी चालत नाही. समरी मंजूर करण्याआधी कोर्टानं फिर्यादीचं ऐकलंच पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं १९८५ सालीच सांगून ठेवलंय. किती जण जातात त्या तारखेला? पंचनाम्याच्या वेळी विहिरीवर उभे राहा. पंच कोण आहे ते बघा. डोक्याला मागून मार असेल तर तो लिहून घ्या. आणि मग कादंबरी लिहा. आपल्या कादंबरीचा मार्टिन बेक खाकीतला नसेल. तो पाटीपुऱ्यातला कॉलेजचा पोरगा असेल, नाही तर बेड्यावरची पोरगी. बगलेत फाईल धरून ती ठाण्याच्या पायऱ्या चढेल. मढ्याचं नाव विचारल्याशिवाय खाली उतरणार नाही.

गृहस्थांचं पुस्तक मी परत करणार आहे. नेमानं. त्यात चिठ्ठी ठेवतोय. साहेब, काळोख वाचून झाला, आता आमच्या विहिरीवर चला. बॅटरी घेऊन या. आणि हो, वर्गणी बाकी आहे.

जयभीम!