शिवनेरी ते पुणे, रात्रभर महामार्गावर: शिवज्योतीच्या ताफ्याची सुरक्षा नेमकी कोणाकडे?

दरवर्षी 19 फेब्रुवारीच्या आदल्या दिवशी जुन्नर तालुक्यातले रस्ते भरून जातात. गावोगावची मंडळं टेम्पो, जीप आणि दुचाकींवरून शिवनेरीवर येतात, ज्योत पेटवतात आणि ती हातात घेऊन धावत आपापल्या गावी परततात. तिथीनुसार शिवजयंती साजरी करणारी मंडळं फाल्गुन वद्य तृतीयेला हेच करतात.

शिवनेरीवरच्या सरकारी सोहळ्याला मुख्यमंत्री येतात. त्यांच्या ताफ्यापुढे पायलट गाडी असते, मागे एस्कॉर्ट असतो. ज्योत घेऊन धावणाऱ्या पोरांच्या मागे मात्र मंडळाचाच टेम्पो असतो. गडावर कडक बंदोबस्त असतो, पण गड उतरल्यानंतरच्या रस्त्याचं काय?

एक रात्र, तीन पोलीस दलं

जुन्नर ते पुणे हे अंतर सुमारे 95 किलोमीटर आहे. आळीपाळीने धावणारा गट ताशी 8 ते 10 किलोमीटर वेगाने गेला, तरी हे अंतर कापायला 10 ते 12 तास लागतात. संध्याकाळी गड सोडणारं मंडळ अख्खी रात्र रस्त्यावर असतं.

या एका रात्रीत ज्योत जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि खेड या पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दींतून जाते. चाकणला पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाची हद्द लागते आणि पुढे पुणे शहर पोलिसांची. नाशिकच्या दिशेने जाणारी ज्योत आळेफाट्यापुढे अहिल्यानगर जिल्ह्यात शिरते, तर कल्याणकडे जाणारी माळशेज घाट उतरून ठाणे जिल्ह्यात पोहोचते.

प्रत्येक पोलीस ठाणं आपापल्या हद्दीपुरतं बघतं. पण एखाद्या मंडळात किती मुलं आहेत, त्यांच्यासोबत किती गाड्या आहेत आणि ती आता कुठे पोहोचली आहेत, याची माहिती संपूर्ण मार्गासाठी एका ठिकाणी नसेल, तर संकटाच्या वेळी पहिली काही मिनिटं ती शोधण्यातच जातात.

धोका नेमका कशाचा?

पुणे-नाशिक महामार्गावर आता अनेक गावांना बाह्यवळणं झाली आहेत. त्यामुळे रात्री वाहनं जोरात धावतात. ताशी 80 किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. समोर धावपटूंच्या वेगाने सरकणारा टेम्पो चालकाला 50 मीटरवर दिसला, तर त्याच्याकडे जेमतेम दोन सेकंद असतात.

फेब्रुवारी म्हणजे ऊस गाळपाचा हंगाम. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावमध्ये भीमाशंकर कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्याही त्याच काळात रस्त्यावर असतात. दिवसभर प्रवास करून आलेला टेम्पोचालक रात्रभर जागाच असतो. रस्त्याकडेला उसाचं शेत आणि परिसरात बिबट्याचा वावर असल्याने दमून मागे राहिलेल्या एकट्या मुलाची काळजी आणखी वाढते.

वाळवंटातली रॅली काय सांगते?

धावत्या ताफ्याची सुरक्षा हा जगभरचा प्रश्न आहे. 1978 च्या अखेरीस पॅरिसहून सुरू झालेली डाकार रॅली अनेक वर्षं सहारा वाळवंटातून जात होती. 1999 मध्ये मॉरिटानियात सशस्त्र लुटारूंनी स्पर्धकांना अडवून लुटलं. 2000 मध्ये हल्ल्याच्या धमकीमुळे नायजरमधले टप्पे गाळून अख्खा ताफा विमानांनी लिबियात न्यावा लागला.

डिसेंबर 2007 मध्ये मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटकांची हत्या झाली. 2008 च्या रॅलीच्या 15 पैकी 8 टप्प्यांचा मार्ग याच देशातून होता. तिथल्या सरकारने सुमारे 3,000 जणांचा बंदोबस्त देऊ केला होता. तरीही आयोजकांनी सुरुवातीच्या आदल्या दिवशी, 4 जानेवारीला, रॅली रद्द केली. शेकडो किलोमीटर पसरलेल्या ताफ्याला सगळीकडे पहारा देणं शक्य नसतं, हे तेव्हा स्पष्ट झालं. पुढच्या वर्षी रॅली दक्षिण अमेरिकेत गेली. 2020 पासून ती सौदी अरेबियात होते.

शिवज्योतीला बंदूकधाऱ्यांचा धोका नाही, त्यामुळे दोन्हींची थेट तुलना होत नाही. पण त्या रॅलीची एक पद्धत इथेही उपयोगी आहे. तिथे प्रत्येक वाहनाची नोंद असते, त्यावर उपग्रहाद्वारे लक्ष ठेवलं जातं आणि सगळ्यांच्या शेवटी 'झाडू ट्रक' येतो. मागे राहिलेल्यांना घेऊन येणं हे त्याचं काम.

आपल्याकडे नमुना आहे का?

आहे, आणि तो वारीचा आहे. पालखी सोहळ्यात कोणती दिंडी रथापुढे आणि कोणती रथामागे, हे ठरलेलं असतं. मुक्काम ठरलेले असतात. पालखी पुढे सरकेल तशी वाहतूक टप्प्याटप्प्याने वळवली आणि पुन्हा खुली केली जाते. रुग्णवाहिका आणि पाण्याचे टँकर सोबत चालतात.

शिवज्योतीची अडचण वेगळी आहे. इथे एक सोहळा नसतो. वेगवेगळ्या वेळी निघून वेगवेगळ्या दिशांना जाणारी असंख्य मंडळं असतात. प्रत्येकामागे पोलीस गाडी देणं कोणत्याही ग्रामीण दलाला झेपणार नाही.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 33 आणि 36 नुसार पोलीस मिरवणुकांचं नियमन करू शकतात आणि त्यांचा मार्ग व वेळ ठरवून देऊ शकतात. कलम 47 नुसार अर्जदाराच्या खर्चाने जादा पोलीस देण्याची तरतूद आहे, पण वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाला तो खर्च परवडेलच असं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 115 खाली ठरावीक रस्त्यावर, ठरावीक वेळी अवजड वाहनांना मनाई करता येते.

शिवज्योतीसाठी खास अटी घालणंही नवीन नाही. 2022 मध्ये कोरोनाच्या काळात राज्य सरकारने शिवज्योत दौडीत 200 आणि जन्मोत्सवाला 500 जणांची मर्यादा घातली होती. साथीसाठी नियम करता आले, तर रस्त्यासाठीही करता येतील.

मग करायचं काय?

प्रत्येक गटाला एस्कॉर्ट देण्यापेक्षा मार्ग सुरक्षित करणं जास्त व्यवहार्य आहे. गडाच्या पायथ्याशीच प्रत्येक मंडळाची नोंद व्हावी: माणसं किती, गाड्या किती, मार्ग कोणता, संपर्क कोणाशी. ही यादी पुढच्या सगळ्या ठाण्यांना त्याच रात्री मिळावी. नारायणगाव, मंचर, खेड अशा ठिकाणी थांबे असावेत. तिथे हजेरी होईल आणि चालकाला विश्रांती मिळेल. ठरावीक तासांसाठी अवजड वाहनं दुसरीकडे वळवावीत.

मंडळांची जबाबदारीही कमी नाही. धावणाऱ्यांच्या पुढे एक आणि मागे एक गाडी हवी. मागच्या गाडीवर परावर्तक पट्ट्या आणि चालू इंडिकेटर हवेत. दोन चालक हवेत. मालवाहू टेम्पोच्या हौद्यात मुलं कोंबून नेणं थांबायला हवं. आणि शेवटच्या गाडीने एकाही मुलाला मागे ठेवून पुढे जायचं नाही. अडचण आली तर पोलिसांसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि राष्ट्रीय महामार्गावर 1033 हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये असावेत.

यातल्या बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. त्यासाठी जुन्नर ते पुणे मार्गावरच्या तिन्ही पोलीस दलांनी आणि महामार्ग पोलिसांनी फेब्रुवारीआधी एकत्र बसून एकच यादी आणि एकच नियंत्रण कक्ष ठरवायला हवा.