फुकटाचा माल, बांधलेले गिऱ्हाईक

व्यापारी व कारागीर बंधूंनो, फुकट मिळालेली वस्तू कधी कधी सर्वांत महाग पडते. संगणकाच्या चिपचा बाजार पाहा. पूर्वी पडद्यावर चित्रे उमटविणारी चिप आज मोठमोठी गणिते करते. तिच्याकडून हे काम करून घेण्यासाठी एनव्हिडियाने २००७ साली ‘कुडा’ ही प्रणाली फुकट दिली. मात्र ती फक्त त्याच कंपनीच्या चिपसाठी. २००८ साली सर्व कंपन्यांच्या चिपवर चालावी अशी ‘ओपनसीएल’ आली. २०१६ साली एएमडीने ‘आरओसीएम’ आणली. तरी गिऱ्हाईक हलले नाही. का? एनव्हिडियाने तयार साधने दिली, विद्यापीठांत शिकविले. उलट एएमडीची प्रणाली तिच्याच कित्येक कार्डांवर बराच काळ अधिकृतपणे चालत नव्हती.

आम्ही कापडवाले एवढे जाणतो की, गिऱ्हाईक नुसत्या भावाने टिकत नाही, सेवेने टिकते. म्हणून दोष एकट्या विजेत्याचा नाही. पण बांधले गेले ते गिऱ्हाईकच; वर्षानुवर्षांचे काम पुन्हा लिहिणे कोणाला परवडते?

तेव्हा बिलाची प्रणाली किंवा डिझाइनचे यंत्र घेताना भाव नंतर विचारा. आधी विचारा, उद्या दुसरीकडे गेलो तर आमची खाती, आमचे नमुने बरोबर नेता येतील का?