गाडी नवी, नवस जुना

गणेशोत्सव जवळ आला की दिवा आणि ठाणे या स्थानकांवर कोकणात निघालेल्या चाकरमान्यांची रीघ लागते. खिडकीच्या जागेवरून जुंपलेली भांडणे रोहा मागे पडेपर्यंत लाडवांच्या देवाणघेवाणीत विरून जातात. विनोदाचे याहून समृद्ध भांडार ते कोणते? त्यामुळे सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘नवरा माझा नवसाचा २’ हा चित्रपट २० सप्टेंबर २०२४ रोजी कोकण रेल्वेतील प्रवासाची कथा घेऊन आला, तेव्हा ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील मराठी कुटुंबांनी मोठ्या अपेक्षेने चित्रपटगृह गाठले. पदरी काय पडले?

पडले ते अशोक सराफ! वयाच्या ७७ व्या वर्षी हा नट नुसत्या भुवईच्या हालचालीने सभागृह हसवतो. परंतु एकट्या इंजिनाने प्रवास होत नाही. मागे डबे जोडावे लागतात. येथे प्रसंगामागून प्रसंग येतात, पण एकातून दुसरा उमलत नाही. २००४ च्या पहिल्या भागात गणपतीपुळ्याचा नवस हा नायकाच्या गळ्यातील फास होता. त्याची लाज आणि त्याची श्रद्धा यांच्या ओढाताणीतून हसू फुटत होते. दुसऱ्या भागात नवस उरला, अडचण हरवली. बसच्या जागी रेल्वे आली, एवढाच काय तो विस्तार!

“विनोदी चित्रपट आहे, डोके घरी ठेवून पाहावा,” असा युक्तिवाद अशा वेळी हमखास केला जातो. हा विनोदाचा अपमान आहे. याच सचिन यांच्या ‘अशी ही बनवाबनवी’ने १९८८ मध्ये दाखवून दिले होते की, प्रहसनालाही पक्का पाया लागतो. तेथे वसंत सबनीसांची लेखणी होती आणि शहरात डोक्यावर छप्पर नसलेल्या तरुणांची खरी गरज होती. म्हणूनच ती साडीतली सोंगे आजही जुनी वाटत नाहीत. ‘ब्रह्मचारी’सारखा चित्रपट १९३८ मध्ये लिहिणाऱ्या आचार्य अत्र्यांचे नाव कल्याणने आपल्या रंगमंदिराला दिले आहे. त्या नगरीतील रसिकाला डोके घरी ठेवण्याचा सल्ला कोणी द्यावा?

चित्रपट तिकीटबारीवर चालला, हे खरे. पण ती पुण्याई पहिल्या भागाची आणि अशोक सराफ यांची होती. पूर्वपुण्याई खर्चून किती दिवस संसार चालणार? मराठी चित्रपट मराठी माणसाने पाहावा, हे आवाहन रास्तच आहे. मात्र भाषेवरील प्रेम म्हणजे कच्च्या पटकथेला मिळालेला मुक्त परवाना नव्हे. चार माणसांचे कुटुंब महिन्याच्या हिशेबातून तिकिटाचे पैसे बाजूला काढते, तेव्हा त्याने आपले कर्तव्य केलेले असते. निर्मात्यांनी आपले करावे. नट थोर आहेतच; आता त्यांच्या तोलाचा लेखक शोधावा आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. बाप्पा नवसाला पावतो. पटकथा मात्र स्वतःच लिहावी लागते.