घर, श्रद्धा आणि वसतिगृह

जून महिना लागला की छत्रपती संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडच्या गाड्यांतून वळकट्या आणि पिशव्या घेतलेली मुलेमुली उतरू लागतात. कोणी खोली शोधतो, कोणी वसतिगृहाच्या यादीत आपले नाव आहे काय ते पाहतो. शुल्क, खाणावळ आणि पुस्तके यांचा हिशेब घरी झालेला असतो. परंतु घरापासून दूर राहून शिकताना घराचे आणि श्रद्धेचे जे देणे विद्यार्थ्याच्या माथी राहते, त्याचा हिशेब मात्र कोणीच मांडलेला नसतो.

घराचे देणे आधी पाहू. शेतकऱ्याचा किंवा मजुराचा मुलगा शहरात येतो, तेव्हा घराला खाणावळीचा खर्च तर सोसावा लागतोच. शिवाय काम करणारे दोन हात कमी होतात. पेरणीला तो नसतो, आजारपणात नसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांची स्थिती तर याहून बिकट. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडील कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सुटीत परतावे, तर गावच्या घराला कुलूप! मुलींच्या वाट्याला आणखी एक ओझे येते. घरी लग्नकार्य असो की आजारपण, पहिली हाक तिलाच जाते, आणि परीक्षेचे कारण सांगणारी मुलगी ‘शिकून बदलली’ असे ठरते.

श्रद्धेचे देणे याहून सूक्ष्म आहे. पैठणची नाथषष्ठी फाल्गुनात येते, म्हणजे ऐन परीक्षांच्या हंगामात. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ साली तो मार्च महिन्यात आला. पहाटे सहरीसाठी उठायचे आणि दिवसभर निर्जळी रोजा ठेवून तीन तासांची उत्तरपत्रिका लिहायची, हे सोपे काम नव्हे. परंतु खरा पेच तिथीचा नाही, मनाचा आहे. वाचनाने प्रश्न पडू लागतात. आईने पिशवीत घातलेला अंगारा ठेवावा की टाकावा, येथपासून तो सुरू होतो. घरी प्रश्न विचारावा तर तो उद्धटपणा, आणि मित्रांत श्रद्धा सांगावी तर तो मागासपणा. या दुहेरी कोंडीत पुष्कळ मुले दोन्हीकडे गप्प राहण्यास शिकतात. आणि ते शिक्षण काही चांगले नव्हे.

हा पेच थोरामोठ्यांनाही चुकलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला जाऊन १९२३ साली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधावर डी.एस्सी. मिळवली. अर्थशास्त्राचे विद्यार्थी त्या ग्रंथाचा अभिमानाने उल्लेख करतात. परंतु त्या विद्येची किंमत मुंबईत राहून हालअपेष्टा सोसणाऱ्या रमाबाईंनीही मोजली, हे कोणत्याही ताळेबंदात येत नाही. रमाबाईंना पंढरपूरला जाण्याची आस होती. जेथे अस्पृश्यांना देवळाबाहेर उभे राहावे लागते, तेथे जाणे बाबासाहेबांना मान्य नव्हते, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. रमाबाई १९३५ साली निवर्तल्या आणि साने गुरुजींच्या उपोषणानंतर मंदिराचे दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ साली. एकाच घरात एकाची विवेकनिष्ठा खरी होती आणि दुसऱ्याची आसही खरी होती. अशा वेळी कोण बरोबर एवढेच विचारून भागत नाही. दोघांनी एकमेकांचे मन कसे सांभाळायचे, हेही विचारावे लागते.

त्याचे एक उत्तर याच शहरात आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे काढलेल्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव मिळाले आणि परिसर ‘नागसेनवन’ झाला. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील कित्येक घरांतील पहिला पदवीधर या परिसरात घडला. मिलिंद हा प्रश्न विचारणारा ग्रीक राजा, नागसेन हा उत्तर देणारा भिक्षू. पाली ग्रंथातील त्यांच्या संवादात प्रारंभीच एक अट येते. चर्चा राजांसारखी करणार असाल तर नको, पंडितांसारखी करणार असाल तर करू, असे नागसेन सांगतो. कारण पंडित खोडून काढलेले मत न रागावता सोडून देतो, राजा मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा फर्मावतो. श्रद्धा प्रश्नाने मरत नाही, शिक्षेने मात्र ती निव्वळ धाक होऊन बसते, हा त्यातील बोध.

ही अट प्रत्येक घराने स्वीकारावयास हवी. सुटीत परतलेल्या मुलाने काही विचारले, तर वडिलांनी राजा होऊ नये. पण अट मुलालाही लागू आहे. चार पुस्तके वाचून आईच्या देव्हाऱ्याची थट्टा करणारा मुलगाही राजाच असतो. फक्त त्याचे सिंहासन नवे असते. देव्हाऱ्यापुढे हात जोडणे त्याला जमले नाही तरी चालेल. ज्या हातांनी तो मांडला, त्यांच्या कष्टांवर आपण शिकतो, हे त्याने विसरू नये.

उरला प्रश्न संस्थांचा. त्यांना कोणाचा धर्म सांभाळायचा नाही, विद्यार्थी सांभाळायचा आहे. वेळापत्रक आखताना सर्व धर्मांचे पंचांग एकदा डोळ्यांखालून घालणे, रमजानात खाणावळीच्या वेळा बदलणे, आईवडील फडावर असलेल्या मुलांसाठी दिवाळीत वसतिगृह उघडे ठेवणे, या गोष्टींना मोठा निधी लागत नाही. स्वाधार योजनेसारखी मदत वेळेवर हाती पडली, तर खोलीभाड्यासाठी घरी हात पसरण्याची पाळीही टळेल. विद्यार्थी घर सोडतो तो शिकण्यासाठी, घर तोडण्यासाठी नव्हे. पदवी घेऊन तो परतेल तेव्हा त्याला त्या घरात मोकळेपणाने बोलता आले पाहिजे. नाहीतर घराने सोसलेल्या त्या वर्षांचे चीज झाले, असे कसे म्हणावे?