‘मानापमाना’ची खरी लढाई

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘संगीत मानापमान’ १९११ सालीं किर्लोस्कर मंडळीनें रंगभूमीवर आणलें. १० जानेवारी २०२५ रोजीं सुबोध भावे यांचा त्यावरील चित्रपट लागला. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या आमच्या कित्येक शेतकरी व कारागीर बांधवांस ही कथा त्यामुळेंच प्रथम कळली असेल. हें चांगलेंच झालें. पण नाटकाचें मर्म पडद्यावर शाबूत राहिलें काय, हें पाहणें अवश्य आहे.

धैर्यधर हा पराक्रमी सेनापति, पण गांठीं पैसा नाहीं. भामिनी श्रीमंताची लेक. तिला दागिन्यांनीं मढलेला भित्रा लक्ष्मीधर योग्य वाटतो, आणि धैर्यधराचा ती दारिद्र्यापायीं अपमान करते. पुढें साध्या वेषांत, वनमाला होऊन, ती त्याचें शौर्य पाहते तेव्हां तिचे डोळे उघडतात. लष्कर व तलवारी ह्या नुसत्या भोंवतालच्या. लढाई आहे ती कर्तबगारी आणि पैसा यांची.

रंगभूमीवर घोडदळ येत नाहीं, म्हणून सारा भार बोलण्यावर व पदांवर. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं ‘संयुक्त मानापमान’ झालें. बालगंधर्व भामिनी, आणि धैर्यधर कोण? तर बालपणापासून नाटक कंपनींत वाढलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले. तीनच महिन्यांनीं, अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, ते वारले. पण तो धैर्यधर लोक अजून विसरले नाहींत.

कॅमेऱ्याला सारें दाखवितां येतें, आणि धोका तेथेंच आहे. भव्य वाडे व भारी शालू यांच्या झगमगाटांत गरिबाच्या अपमानाचा डंख बोथट होतो. या चित्रपटांत तसेंच झालें, असें आमचें मत आहे. विलायतेंत ऑलिव्हिए यांनीं १९४४ सालीं शेक्सपिअरचा ‘पांचवा हेन्री’ पडद्यावर आणला. त्यांत मोठी लढाई आहेच. पण आदल्या रात्रीं वेष पालटून फिरणाऱ्या राजापुढें साधे शिपाई मनांतलें रोखठोक बोलतात, तो प्रवेशही त्यांनीं राखला.

आमच्याकडे धैर्यधर घरोघर आहेत. जमीन कारखान्यांस गेली, मोबदल्याचा पैसा गाडींत आणि लग्नांत संपला. आतां स्थळ पाहावयास आलेले पाहुणे पहिला सवाल करतात, “पोरगा कंपनींत पर्मनंट आहे का कंत्राटी?” पोरगा लेथवर हात बसलेला, रात्रपाळी करून आईबापांस पोसणारा, पण ठेकेदाराकडे आहे म्हणतांच पाहुणे अर्धा चहा ठेवून उठतात. त्यांत मुलीचा बापही आमच्यासारखाच नांगर धरणाऱ्याचा लेक!

म्हणून आमची नाटक मंडळ्यांस विनंति आहे : मूळ ‘मानापमान’ चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहांत एकदां गुरुवारीं लावा. येथील बहुतेक कारखान्यांची सुटी त्या दिवशीं असते. तिकीट मात्र कंत्राटी कामगाराच्या खिशाला झेपेल असें ठेवा, आणि मुलींच्या बापांस पुढच्या रांगेंत बसवा.