विश्लेषण : ‘मास इफेक्ट’मधील बंदुकीचा वाद काय?

कॅनडातील ‘बायोवेअर’ कंपनी ‘मास इफेक्ट’ या विज्ञानकथेवर आधारित रोल-प्लेइंग गेमच्या पुढील भागावर काम करत आहे. त्यानिमित्ताने जुनाच प्रश्न समोर येतो. खेळण्याची पद्धत बदलली की गेममधले विज्ञानही बदलायचे का?

मूळ नियम काय होता?
२००७ च्या पहिल्या भागात बंदूक धातूच्या ठोकळ्यातून कणाएवढी गोळी कापून प्रचंड वेगाने सोडते. त्यामुळे गोळ्या जवळपास संपतच नाहीत. मर्यादा असते ती उष्णतेची. बंदूक तापली की थांबायचे.

हे विज्ञानाला धरून आहे का?
वस्तुमान कमी करणारे ‘एलिमेंट झिरो’ काल्पनिक आहे, पण उष्णतेची अडचण खरी आहे. घाटकोपरच्या फलाटावर वाऱ्याची झुळूक अंगातली उष्णता वाहून नेते. अवकाशात हवाच नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकालाही अमोनिया खेळवलेले रेडिएटर लागतात.

दुसऱ्या भागात काय बदलले?
२०१० मध्ये ‘थर्मल क्लिप’ आल्या. उष्णता शोषून घेतलेली क्लिप फेकायची, नवी लावायची. गोळीबाराचा वेग वाढतो, असे कारण दिले गेले. चकमकी रंगल्या, पण क्लिप संपल्यावर बंदूक थंड होईपर्यंत का थांबता येत नाही, हे अनेकांना पटले नाही. दहा वर्षे परग्रहावर अडकलेल्यांकडेही या नव्या क्लिप सापडतात!

पुढे काय?
२०१७ च्या ‘अँड्रोमेडा’त बंदुकीला जुनी पद्धत जोडण्याची सोय मिळाली. नियम बदलायला हरकत नाही. मात्र तो त्या जगात सर्वत्र सारखा लागू हवा. नव्या भागाची कसोटी तीच असेल.