लॅपटॉप निळा पडतो तेव्हा



मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायला बसावे आणि लॅपटॉपचा पडदा एकाएकी निळा पडावा, की घरात धावपळ उडते. लगेच तालुक्याला नेऊन 'फॉरमॅट' करून आणू नका. त्यात दुधाचे हिशेब, फोटो, सारे पुसले जाते. आधी आठवा, बिघाडाच्या आदल्या दिवशी नवे काय बसवले? प्रिंटर? दुसरा अँटीव्हायरस? (दोन अँटीव्हायरस म्हणजे एका दावणीला दोन मारके बैल. एकच ठेवावा.)

ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वाय-फाय यांची विंडोजशी गाठ घालणारा प्रोग्राम. बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालतात, म्हणून एक चुकला की सारे यंत्र थांबते. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रोग्रामच्या ड्रायव्हरला सदोष फाईल मिळाली आणि जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक असेच बंद पडले.

लॅपटॉप सुरू होत असतानाच बटण दाबून धरून बंद करा. दोन-तीनदा असे केले की दुरुस्तीचा पडदा येतो. तिथे ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ चा आकडा. हा सेफ मोड. यात मोजकेच ड्रायव्हर चालतात. इथे लॅपटॉप नीट चालला, तर दोष बहुधा नव्या ड्रायव्हरचा.

प्रथम हिशेब पेनड्राइव्हवर उतरवा. मग स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्या साधनाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबा. बटण फिके दिसले, तर साधन अनइन्स्टॉल करा आणि ड्रायव्हर ते बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या. सेफ मोडमध्येही पडदा निळाच पडला, तर मेमरी किंवा डिस्क तपासायला कारागिराकडे खुशाल न्या.